दुसरी खेप : हृदयाच्या बेताल ठोक्यांवरील एका उपचाराचा अभ्यास

तृतीय वर्ष कला, इतिहास विभाग

या अंकासाठी आमच्या सरांनी मजकडून जयगडच्या किल्ल्यावर लेख मागितला होता. टिपणेही काढून झाली होती. परंतु गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरात एका प्रश्नाने जो मुक्काम ठोकला, त्यापुढे किल्ला मागे पडला. सरांनी उदार मनाने विषय बदलू दिला, मात्र एक अट घातली : "वैद्यकावर लिही, पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून लिही." ती अट मी कितपत पाळली आहे हे वाचकांनी ठरवावे. आमच्या महाविद्यालयात विज्ञानशाखा नाही, त्यामुळे माझ्या चुका काढणारे कोणी शेजारच्या वर्गात बसलेले नाही, हा एक दिलासा आहे. म्हणूनच जे नक्की कळले तेवढेच लिहीत आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. वय ५६. तीन वर्षांपूर्वी त्यांना अधूनमधून छातीत धडधड होऊ लागली. आईने एकदा त्यांची नाडी धरली आणि म्हणाली, "भजनात नवख्या पोराच्या हाती टाळ दिल्यासारखी वाजतेय ही." पुढे ई. सी. जी. निघाला आणि त्यावर नाव लिहून आले : एट्रियल फिब्रिलेशन. औषधे झाली. एका गोळीने ठोके जागेवर आले, पण गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडली, म्हणून ती बंद करावी लागली. शेवटी गेल्या मे महिन्यात मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांच्यावर कॅथेटर ॲब्लेशन नावाचा उपचार झाला. छाती उघडायची नाही, मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि बिघाडाची जागा आतून डागायची. शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढले होते. पाच महिने सर्व ठीक चालले. ऑक्टोबरात, सहामाही परीक्षेचे पेपर तपासता तपासता अण्णांनी लाल पेन खाली ठेवले आणि स्वतःच्या मनगटावर बोटे ठेवली. कोणी काही बोलले नाही, पण सर्वांना कळले.

डॉक्टर म्हणाले, 'रिडू' करावे लागेल. म्हणजे तेच पुन्हा. आमच्या घरातला प्रश्न तो हाच.

प्रथम दुखण्याविषयी थोडे. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथून दर ठोक्याला विजेची एक सूक्ष्म लहर निघते, आधी अलिंदे आकुंचतात, मग निलये. हा पुंजका आर्थर कीथ आणि त्यांचा तरुण विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी शोधला आणि १९०७ साली त्याचे वर्णन छापले. बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या एका लहान प्राण्याच्या हृदयाचे काप पाहताना फ्लॅकला तो प्रथम दिसला. तो तेव्हा विद्यार्थीच होता, हे आपल्या अंकात नोंदवून ठेवायला हरकत नाही.

अण्णांच्या दुखण्यात या पुंजक्याचे कोणी ऐकत नाही. अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० अशा लहरी उठतात. अलिंदे आकुंचत नाहीत, नुसती थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जणू एक नाका आहे. तो यांतल्या काही लहरी सोडतो, काही अडवतो, आणि कोणत्या सोडायच्या याला क्रम नसतो. म्हणून नाडी केवळ जलद नव्हे तर बेहिशेबी चालते. दुसरा धोका अधिक गंभीर. डाव्या अलिंदाला पिशवीसारखा एक कोपरा आहे. थरथरत्या अलिंदात तेथे रक्त साचते, साचले की गोठते, आणि गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. या दुखण्याने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात त्या ठोक्यांसाठी नव्हे, या गुठळीसाठी. ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हती. धडधड थांबल्यावर अण्णा त्या गोळ्या बंद करायला निघाले होते!

आता इतिहास. बेहिशेबी नाडी वैद्यांच्या बोटांना फार पूर्वीपासून कळत होती. तिचे कारण कळायला हृदयातील वीज कागदावर उतरावी लागली. ते काम हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी केले. त्यांच्या यंत्राने काढलेल्या अशा नाडीच्या रेषा १९०६ मध्ये छापल्या गेल्या. १९०९ मध्ये लंडनला थॉमस लुइस यांनी, आणि त्याच साली व्हिएन्नाला रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी, दाखवून दिले की या नाडीचे मूळ अलिंदांच्या थरथरीत आहे. रोगाला नाव मिळाले. पण थरथर सुरू कोठून होते? त्याचे उत्तर मिळायला १९९८ उजाडले. नावापासून उगमापर्यंत ८९ वर्षे!

मधल्या काळात विद्वानांचा असा समज होता की अलिंदात एकाच वेळी अनेक लहरी एकमेकींचा पाठलाग करीत फिरत असतात. गॉर्डन मो यांनी १९६० च्या आसपास तो मांडला. त्याच्या आधारे अमेरिकेत सेंट लुइस येथे जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये छाती उघडून अलिंदात चक्रव्यूहासारखे छेद घेतले. लहरींना फिरायला जागाच ठेवायची नाही, ही कल्पना. शस्त्रक्रिया गुणकारी होती, पण मोठी होती. मग फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हेसागेर आणि त्यांचे सहकारी नळीच्या टोकाने तसेच लांब चर मारून पाहू लागले. ते करता करता त्यांच्या ध्यानात आले की थरथर सुरू होण्यापूर्वी एक अवेळी ठोका येतो, आणि तो ठराविक ठिकाणाहून येतो.

१९९८ साली त्यांनी ४५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या रुग्णांत अशी ६९ उगमस्थाने सापडली, आणि त्यांपैकी ६५ फुप्फुस-शिरांत होती. फुप्फुसांतून शुद्ध रक्त डाव्या अलिंदात आणणाऱ्या या शिरा, बहुधा चार. अलिंदाचा स्नायू अलिंदाच्या भिंतीशी संपत नाही. घराची भिंत संपल्यावर पुढे पडवी यावी, तसा तो शिरांच्या आत शिरलेला असतो. ठिणगी पडत होती ती या पडवीत. शंभर वर्षे सर्व जण माजघर शोधत होते.

आरंभी बोर्दोला शिरेच्या आत शिरून नेमकी ठिणगीची जागा डागली जाई. त्याने काही रुग्णांच्या शिरा आकसल्या. शिवाय एक ठिणगी विझवावी तर दुसरी शेजारी उठे. तेव्हा पद्धत बदलली. शिरेच्या आत न जाता तिच्या मुखाभोवती डागांचे कडे करायचे. आत काय व्हायचे ते होवो, लहर बाहेर येऊ द्यायची नाही. इटलीत कार्लो पाप्पोने यांनी हे कडे अधिक रुंद केले. आज जगभर जे चालते ते बहुतांशी हेच.

कोकणातल्या वाचकाला हे कडे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. खाचराला बांध असतो तसे ते आहे. आणि आमच्याकडच्या बांधाचे काय होते हेही सर्वांना ठाऊक आहे. आवणी झाली, पाणी तुंबले, माणूस घरी आला, आणि रात्रीतून एका कुर्लीने बांधात बीळ पाडले. सकाळी खाचर कोरडे. शंभर हात बांध शाबूत, पण दोन बोटांच्या बिळाने तो नसल्यासारखाच झाला. ॲब्लेशनच्या कड्याचे असेच आहे. सगळे कडे पक्के असून एका ठिकाणी काही मिलिमीटरची फट राहिली तर लहर तेथून बाहेर येते.

पण मग फट राहते का? माझ्या आत्याचे उत्तर तयार होते. "पैसे पुरते घेतले आणि काम अर्धं केलं. आणि आता पुन्हा तेवढेच मागतायत!" खरे सांगायचे तर माझेही मत तेच होते. रुग्णालयाला कडक पत्र लिहायचे मी ठरवले आणि पुराव्यासाठी अण्णांची फाइल काढली. प्रथम वर्षाला आम्हांला शिकवले आहे की कोणत्याही वादात आधी मूळ साधन पाहावे. मूळ साधन म्हणजे मे महिन्यात सही केलेले संमतिपत्र. त्याच्या तिसऱ्या पानावर स्वच्छ छापले होते की दुखणे परत येऊ शकते आणि ही क्रिया पुन्हा करावी लागू शकते. त्याखाली साक्षीदाराची सही होती. ती माझी होती.

पत्र लिहायचे राहिले. तरी एवढे नमूद करतो की सकाळी सात वाजता, उपाशी माणसाला आत नेण्याच्या घाईत, भराभर पाने उलटून घेतलेली सही म्हणजे सांगणे नव्हे. छापलेले आणि सांगितलेले यांत अंतर आहे. ते कोणीतरी आम्हांला बसवून सांगितले असते तर ऑक्टोबरातली ती संध्याकाळ इतकी काळी गेली नसती.

आता फटीचे कारण. नळीच्या टोकाशी रेडिओलहरींनी उष्णता निर्माण करतात. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या वर गेलेली पेशी मरते, तिच्याजागी वण येतो, आणि वणातून वीज जात नाही. पण त्या मेलेल्या पेशींच्या कडेने अर्धवट भाजलेल्या, सुजलेल्या पेशी असतात. त्या वेळी त्याही वीज नेत नाहीत. डॉक्टर तपासतात, कडे पूर्ण बंद दिसते, रुग्ण घरी जातो. काही आठवड्यांनी सूज उतरते, त्या पेशी सावरतात आणि पुन्हा वीज नेऊ लागतात. म्हणजे त्या दिवशी 'बंद' म्हटले ते खोटे नव्हते. त्या दिवशी ते बंदच होते. शरीराने जखम भरून काढली, जे ते एरवी करते आणि ज्याबद्दल आपण त्याचे आभार मानतो, तेच येथे आडवे आले.

मग अधिक खोल का डागत नाहीत? कारण अलिंदाची भिंत काही मिलिमीटरचीच, तीही कोठे जाड कोठे पातळ, आणि मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटून अन्ननलिका जाते. डाग आरपार गेला तर अन्ननलिका आणि हृदय यांत भोक पडू शकते. हे फारच क्वचित घडते, पण घडले तर बहुधा प्राणघातक ठरते. हृदयाभोवती रक्त साचण्याचा प्रकार शंभरात एखाद्याच्या बाबतीत होतो, आणि तो लगेच ओळखून निस्तरावा लागतो. तेव्हा डॉक्टरचा हात मागच्या भिंतीवर आखडतो तो आळसाने नव्हे. कमी डागले तर फट, जास्त डागले तर भोक. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे. जर्मनीतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या शिरा पूर्ण अलग झाल्या होत्या अशांची तीन महिन्यांनी पुन्हा आतून तपासणी केली. दहापैकी सात जणांत कोठे ना कोठे वाट उघडलेली होती. नंतर साधने सुधारली. नळीचे टोक भिंतीवर किती जोराने टेकले आहे हे आता कळते. उष्णतेऐवजी अतिशीत फुग्याने, आणि अलीकडे विजेच्या अतिअल्प आघातांनीही कडे करतात. फटीचे प्रमाण घटले आहे, पण नाहीसे झालेले नाही.

येथवर आल्यावर आत्याचा 'अर्धं काम' हा शब्द मला सोडावा लागला. परंतु प्रश्न उरलाच. दुसऱ्यांदा करावे की नाही?

अण्णा गणिताचे. म्हणाले, "कारणं पुरे झाली, आकडे आण." मी बोर्दोचेच आकडे आणले, कारण जेथे शोध लागला त्या घराचा हिशेब पाहावा असे मला वाटले. या शतकाच्या आरंभी तेथे उपचार झालेल्या १०० रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब त्यांनी २०११ साली मांडला. एकाच खेपेनंतर दुखण्यापासून मुक्त राहिलेले पहिल्या वर्षाअखेर ४० टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर ३७, पाच वर्षांनी २९. ज्यांना लागले त्यांच्यावर पुन्हा उपचार केला. १०० माणसांवर एकूण १७५ खेपा झाल्या. शेवटच्या खेपेपासून मोजले तर मुक्त राहिलेले ८७, ८१ आणि पाच वर्षांनी ६३ टक्के. हे आकडे जुन्या साधनांचे आहेत हे लक्षात घ्यावे. तरी आपलेच अपयश शोधकांनी इतक्या उघडपणे छापावे, याचे मला फार वाटले. आपल्याकडे किल्ल्यांच्या डागडुजीचे हिशेबही असे सापडत नाहीत!

अण्णांनी आकडे कागदावर मांडले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मुक्त म्हणजे काय? व्याख्या काय आहे?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. व्याख्या अशी आहे की ठोक्यांच्या नोंदीत ३० सेकंदांची थरथर सापडली तरी दुखणे परतले असे धरतात. वर्षात एकदा अर्धे मिनिट धडधडलेला माणूस आणि रोज चार तास धडधडणारा माणूस एकाच रकान्यात! कॅनडात ३४६ रुग्णांच्या त्वचेखाली सतत नोंद ठेवणारे लहान यंत्र बसवून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्याख्येप्रमाणे वर्षभरात जवळजवळ निम्म्यांचे दुखणे परतले. पण थरथरीत जाणारा एकूण वेळ मात्र ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. दोन्ही विधाने खरी. कोणते सांगायचे यावर ऐकणाऱ्याचा चेहरा ठरतो.

आणखी एक शंका मी स्वतः काढली. एवढा खर्च, एवढा गाजावाजा, त्यानेच मनाला बरे वाटत नसेल कशावरून? याची परीक्षाही झाली आहे. इंग्लंडमध्ये १२६ रुग्णांपैकी निम्म्यांवर खरा उपचार केला आणि निम्म्यांवर नुसता देखावा. कोणावर काय झाले हे रुग्णांना कळू दिले नाही. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांत थरथरीचा भार खऱ्या उपचाराने ६० टक्के घटला, देखाव्याने ३५. म्हणजे फरक खरा आहे. पण काहीही न डागता दिसलेली ती ३५ टक्क्यांची घटही विसरता येण्याजोगी नाही. याउलट २०१९ ची २२०४ रुग्णांची मोठी चाचणी सांगते की मृत्यू, पक्षाघात यांसारख्या मोठ्या संकटांच्या एकत्रित हिशेबात औषधे आणि ॲब्लेशन यांत निश्चित फरक दिसला नाही. रोजचे जगणे मात्र ॲब्लेशनने सुधारले. तेव्हा ज्याला त्रासच नाही त्याने घाई करण्याचे कारण नाही, असे मला यातून दिसले. हृदयच दुबळे झालेल्यांची गोष्ट वेगळी, पण अण्णा त्यांत नव्हते.

अण्णांना त्रास होता. दिवाळीनंतर ते तास खुर्चीत बसून घेऊ लागले. तीस वर्षे फळ्याशी उभा राहिलेला माणूस. आठवीच्या एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही रागावलात का?" हे त्यांनी घरी हसत सांगितले. आई हसली नाही.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. मी धीर करून म्हणालो, "डॉक्टर, या वेळी जरा जास्तच डागा ना, म्हणजे तिसऱ्यांदा यायला नको." डॉक्टर हसले, पण उत्तर नीट दिले. पूर्वी त्यांनाही तसेच वाटे. मग २०१५ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सततची थरथर असलेले ५८९ रुग्ण होते. काहींच्या फक्त शिरा अलग केल्या, काहींच्या त्याशिवाय अलिंदात आणखी जागा डागल्या, काहींच्या आणखी रेषा मारल्या. दीड वर्षाने पाहिले तर थरथरीपासून मुक्त राहिलेले अनुक्रमे ५९, ४९ आणि ४६ टक्के. अधिक डागून काही लाभ झाला नाही. तेव्हा दुसरी खेप म्हणजे पहिलीच अधिक जोराने नव्हे. आधी चारही शिरा तपासायच्या, फट कोठे आहे ते शोधायचे आणि तेवढीच बुजवायची.

"आणि चारही बंदच निघाल्या तर?" अण्णांनी विचारले.

"तर सर, ठिणगी दुसरीकडे आहे. वरच्या महाशिरेत, मागच्या भिंतीत, कुठेही. मी शोधीन, पण तिथं माझी खात्री कमी आहे."

अण्णांनी होकार दिला तो या उत्तरामुळे. परतताना गाडीत म्हणाले, "ज्याला आपलं न येणारं गणित कुठलं हे ठाऊक आहे, त्याच्याकडे पेपर द्यायला हरकत नाही."

पण डॉक्टरांनी तारीख लगेच दिली नाही. आधी गृहपाठ दिला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या एका संशोधनाची, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली, हकीकत त्यांनी सांगितली. वजन दहा टक्के वा अधिक उतरवलेल्या रुग्णांत ठोके जागेवर राहण्याची शक्यता सहापट होती. स्थूलता, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, यांनी अलिंद ताणलेले राहते, आणि ताणलेल्या अलिंदात थरथरीला घर मिळते. शिवाय थरथर जितकी चालते तितकी ती अलिंदाच्या अंगवळणी पडते. नेदरलँड्समधील मास्त्रिख्त येथे १९९५ साली हे शेळ्यांवर सिद्ध झाले आहे. अण्णांचे वजन ८४ किलो होते. जानेवारीपर्यंत पाच किलो उतरले. आणि त्यांच्या घोरण्याची रीतसर तपासणी होऊन रात्री नाकावर हवेचे यंत्र आले. पंचवीस वर्षे आई जे सांगत होती ते यंत्राने एका रात्रीत शाबीत केले, याचा तिला झालेला आनंद मी शब्दांत मांडू शकत नाही.

दुसरी खेप जानेवारीत झाली. पहिलीला साडेतीन तास लागले होते, हिला दोन. नंतर डॉक्टरांनी संगणकावर डाव्या अलिंदाचे रंगीत चित्र दाखवले. डागलेला, मेलेला भाग लाल, जिवंत भाग जांभळा. चारही शिरांभोवती लाल कडे अगदी स्पष्ट दिसत होते. पहिल्या खेपेचे काम आठ महिन्यांनी माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि ते अर्धे नव्हते. दोन शिरा पूर्ण बंद होत्या. वरच्या डाव्या शिरेपाशी, ती पिशवी आणि शीर यांमध्ये जो जाड वरंबा असतो तेथे, जांभळी चिरोटी दिसत होती. खालच्या उजव्या शिरेच्या तळाशी दुसरी. नळीचे टोक नीट टेकायला या दोन्ही जागा अवघड, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. त्यांनी शिरेच्या आतल्या विजेची नोंदही दाखवली. रेषेवर बारीक टोके एकामागून एक येत आहेत, डागणे चालू आहे, आणि एका ठोक्यानंतर टोके नाहीत. रेषा सपाट. पुढे अर्धा तास थांबून पुन्हा तपासले, तेव्हाही सपाट.

आत्याने ते चित्र माझ्या मोबाइलवर पाहिले. बराच वेळ पाहून म्हणाली, "एवढ्याशा फटीतनं?" मग थोड्या वेळाने, "आणि आता ही नाही ना उघडायची?" त्यावर मी काय सांगणार? या वेळीही सूज आहे, ती या वेळीही उतरणार आहे. पहिल्या आठ आठवड्यांतले ठोके जमेस धरायचे नाहीत असा आता नियम आहे. २०२४ पूर्वी तीन महिने थांबत. डागलेले अलिंद त्या काळात चिडलेले असते, आणि त्या चिडण्यातून उठलेली धडधड म्हणजे उपचार फसला असे नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या या काळात चुकवायच्या नाहीत. त्या पुढे चालू ठेवायच्या की नाही हे नाडीवरून नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह अशा गोष्टींवरून ठरेल. या वेळी हे सारे डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून सांगितले, आणि अण्णांनी माझ्याकडून ते वहीत उतरवून घेतले.

हे लिहीत आहे तेव्हा सहावा आठवडा चालू आहे. अण्णा पुन्हा उभे राहून शिकवतात. मात्र शेवटच्या तासाला खुर्ची जवळ ओढून ठेवतात. शाळेतला एक जुना, कोरा हजेरीपट त्यांनी घरी आणला आहे. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ ते स्वतःच्या नाडीची हजेरी घेतात. नियमित असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली आणि शेजारी मिनिटे. आजवर फुल्या तीन. शेवटची गेल्या मंगळवारी रात्रीची, शेजारी १२ असा आकडा. त्या रात्री त्यांनी कोणाला उठवले नाही, सकाळी आईला हजेरीपटातच दिसले. त्यानंतरचे सर्व चौकोन बरोबर आहेत. आजचा संध्याकाळचा चौकोन अजून कोरा आहे, कारण अण्णा शाळेतून यायचे आहेत.